दुसरी पाटी

दोतोन्बोरीच्या नाटकगल्लीत नटाची लायकी नाटकघरावरच्या पाट्या मोजून कळते. पहिल्या पाटीवर मुख्य नटाचं नाव, दुसरीवर देखण्या प्रियकराचं, तिसरीवर विदूषकाचं. तीस वर्षं त्या पाट्या मीच रंगवतोय, म्हणून सांगतो, इतोमात्सुसारखा बेडूकतोंड्या विदूषक दुसऱ्या पाटीवर म्हणजे शुद्ध आचरटपणा!

पण मालकाच्या सासऱ्यानं शब्द टाकला. इतोमात्सु रोज सकाळी त्या म्हाताऱ्याची पाठ चेपायला जायचा म्हणे.

"काका, यंदा मी दुसरा," तो येऊन म्हणाला. चाळिशीचा घोडा, गालांना पावडर.

"आरशात बघितलंस का रे कधी?"

"रोज बघतो. म्हणून तर पावडर लावतो."

हा असा. अपमान केला तरी त्याचा विनोद करणार. निर्लज्जं सदा सुखी, दुसरं काय!

मालक म्हणाला, "गेम्पाची, लिहायचं तर लिही, नाहीतर दुसरा रंगारी बघतो." मग काय, गरजवंताला अक्कल नसते. लिहायला बसलो.

शाईत सरस कालवला, चमक यावी म्हणून घोटभर साके ओतली, उरलेली मी प्यालो आणि डोक्यात सैतान शिरला. आमची अक्षरं म्हशीसारखी जाड असतात. पाटीवर पांढरं दिसता कामा नये, कारण जितकी जागा मोकळी तितक्या नाटकघरात बैठका रिकाम्या. मी त्याच्या नावाच्या मधोमध बोटभर फट सोडली. मुद्दाम. पडू दे म्हटलं तोंडघशी.

सकाळी पाट्या चढल्या. मालकानं मान डोलावली. त्याला काय कळतंय डोंबल! इतोमात्सु मात्र रस्त्यात उभा राहून बराच वेळ वर बघत होता. मग माझ्याजवळ आला.

"काका, फट राहिलीय," तो हळूच म्हणाला.

"तुझ्याच नावात आहे ना? मग?"

"नाव माझं, पण नाटकघर सगळ्यांचं. पडदा ओढणारे, वाजवणारे, चहावाल्या बायका. माझ्यावरचा राग त्यांच्या पोटावर कशाला काढता?"

मी नुसताच हात पुसत राहिलो.

"हवं तर मला तिसरीवर न्या." त्यानं पुन्हा एकदा वर पाटीकडे बघितलं. दुसऱ्या पाटीची वीस वर्षांची हौस होती त्याची. "मीच नको म्हणालो असं मालकांना सांगतो. पण ती फट आत्ताच्या आत्ता बुजवा."

ज्याला बेडूक म्हणत आलो, त्यानं माझा धंदा मला शिकवला, तोही कुणाला कळू न देता. थू माझ्या तीस वर्षांवर!

शिडी लावून वर चढलो. खाली शिडी त्यानंच धरली होती. तसूभर पांढरं उरलं नाही तेव्हा कुंचला थांबवला आणि खाली न बघताच म्हणालो, "राहू दे रे दुसरीच."

शिडी थरथरायला लागली. रडत होतं गाढव.