आम्पर

लोरेन्सने गुन्हा कबूल केला, ही बातमी आलिदा स्नायमनच्या कानावर गुरुवारी गिरणीपाशी पडली, आणि तिच्या हातातली मक्याची पिशवी तिथेच खाली बसली. रविवारी ती स्वतः कोठडीच्या गजांपाशी जाऊन त्याच्याशी बोलली होती. तेव्हा तो तर हसत होता.

"जे घडलं ते सांगितलं, आई. पाटाच्या पाण्याची पाळी माझी होती, बारेंडकाकाने मधेच पाटाचं दार त्याच्या शेताकडे उघडलं. मी फावडं उगारलं. आम्पर मारलंच त्याला. मग माझा मीच शहाणा झालो आणि घरी आलो."

आम्पर म्हणजे जवळजवळ. मारता मारता राहिलं. रीटक्लूफमधल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. त्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी बारेंड रूट पाटात पालथा सापडला, डोक्याला खोक पडलेली. पाटाच्या कडेला दगड काय कमी आहेत? म्हातारा घसरला असेल. जखम दगडाची असू शकते, असं डॉक्टरही म्हणाला होता. मग कबुली कसली?

"त्याच्या तोंडून लिहून घेतलंय, मावशी," गिरणीवाला खालमानेने म्हणाला. "वाचून दाखवलं, त्याने मान डोलावली, सही केली. उद्या बाराच्या टपालगाडीने कागद प्रिटोरियाला जातोय. तिथे एकदा गेला की..."

प्रिटोरियाला फाशी होते हे आलिदाला कोणी सांगायची गरज नव्हती.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे मॅजिस्ट्रेटच्या घरी गेली. न जाऊन सांगते कोणाला! गावात सुईण ती एकटीच, आणि मॅजिस्ट्रेटच्या बायकोचं बाळ अवघं सोळा दिवसांचं. टर्पस्ट्रासाहेब सात महिन्यांपूर्वी थेट हॉलंडहून आलेला, कारकूनही तिथूनच आणलेला. आमच्या सरकारला लिहिता-वाचता येणारी माणसं हवी होती, आणि आम्हाला मेंढ्या मोजण्यापलीकडे काय येत होतं? ज्या घरात आपल्या मुलाला फासावर चढवायचा कागद तयार होतो, त्याच घरातलं बाळ न्हाऊ घालायचं, हे आलिदाच्या नशिबी आलं होतं. पाणी कोमट आहे का, हे तिने कोपर बुडवून तीनदा पाहिलं.

"काल आम्पर झोपला हो हा," बाईसाहेब खाटेवरून म्हणाली.

"देवाची कृपा म्हणायची," आलिदा सवयीने बोलून गेली.

बाईसाहेब एकदम रडायलाच लागली. "कृपा? माझ्या डोळ्याला डोळा नाही लागला, आणि तुम्ही कृपा म्हणता?"

आलिदाचा ओला हात बाळाच्या पाठीवर थांबला. बाईचे डोळे खरंच लाल होते, चेहरा सुजला होता.

"म्हणजे... झोपला ना, बाईसाहेब? जवळजवळ रात्रभर?"

"आम्पर म्हटलं मी! जेमतेम! अर्धा तास झोपला असेल नसेल."

आमची भाषा म्हणजे हॉलंडच्या भाषेची लेक. सासरी येऊन दोन-अडीचशे वर्षं झाली, नांदली, उन्हाने रापली, आणि माहेरचे शब्द कधी उलटे वापरायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. आलिदा बायबल त्यांच्याच भाषेत वाचायची, पण हा शब्द तिला तिथे कधी भेटल्याचं आठवत नव्हतं. आमचा आम्पर म्हणजे होता होता राहिलं. त्यांचा आम्पर म्हणजे कसंबसं का होईना, झालं. तिचा पोरगा म्हणाला, मारणार होतो. कारकुनाने ऐकलं, थोडंसंच का होईना, मारलं. आणि वाचून दाखवलं तेव्हा पोराला आपलाच शब्द ऐकू आला. मग तो मान का नाही डोलावणार?

तिने बाळाला गुंडाळून आईच्या कुशीत दिलं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेअकरा झाले होते. स्वयंपाकघरात साहेबाची कॉफी ओतून ठेवली होती. तो पेला उचलून ती ओसरीवरून पुढच्या खोलीत गेली, तिथेच त्याची कचेरी होती.

खोलीत लाखेचा वास भरला होता. लिफाफा टेबलावर उघडाच होता. पेला साहेबापुढे ठेवून तिने हात जोडून सगळं सांगितलं, शब्द कसा उलटतो ते, बाळाच्या झोपेचं, सगळं.

टर्पस्ट्राने शांतपणे ऐकलं. माणूस दुष्ट नव्हता, आणि त्याचीच जास्त भीती वाटते. दुष्टाच्या हातापाया पडता येतं, स्वतःला बरोबर समजणाऱ्याच्या नाही.

"मावशी, आपण आई आहात, मी समजू शकतो," तो कॉफीचा घोट घेत म्हणाला. "परंतु न्यायालयाची भाषा हॉलंडची आहे. शब्दाचा अर्थ कोशात पाहिला जातो, स्वयंपाकघरात नाही. आपल्या पुत्रास विधान वाचून दाखवले. त्याने आक्षेप घेतला नाही."

कारकुनाने लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली. पालथ्या घड्यावर पाणी! आलिदाला लाख वितळताना दिसत होती आणि तिला लोरेन्सची मान दिसत होती, लहानपणी गोवर आला तेव्हा तिने तेल लावलेली. साहेबाचा पेला अर्धा झाला होता.

"साहेब," ती म्हणाली, "तुमच्या कॉफीत मी आज आम्पर विष घातलं."

टर्पस्ट्राच्या तोंडातला घोट थेट कागदांवर आला. खुर्ची मागे कोसळली. "डॉक्टर! दूध आणा, दूध!" तो गळा धरून ओरडत होता, त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. कारकून कांडी टाकून दाराकडे धावला.

आलिदाने पेला उचलला. गाळासकट सगळा प्यायली. पेला टेबलावर पालथा ठेवला.

"घालणार होते, साहेब. घातलं नाही. थेंबभरही नाही. मी काय बोलले ते मला ठाऊक, तुम्ही काय ऐकलंत ते तुम्हाला. आता कोश बघून मला फाशी देणार का?"

कारकून दारातच थबकला होता. आतून बाळाचं रडणं येत होतं. टर्पस्ट्राने तोंड पुसलं, कॉफीने भिजलेला कबुलीचा कागद उचलला आणि मधोमध फाडला.

"लिहा," तो कारकुनाला म्हणाला. "फावडे उगारले. मारले नाही. मारले नाही, असे स्वच्छ लिहा."

कबुली गेल्यावर मागे उरलं काय? एक म्हातारा आणि पाटातले दगड. दुपारी तीनला लोरेन्स बाहेर आला, दाढी वाढलेला, उन्हात डोळे बारीक करत. आलिदाने त्याला चारचौघांत कवटाळलं आणि लाज न बाळगता रडली. तिला इतका आनंद तो जन्मला तेव्हाही झाला नव्हता.

बैलगाडी गावाबाहेर पडल्यावर तिने त्याला सगळी हकीकत सांगितली. विषाचं ऐकून तो पोट धरून हसला.

"तो हॉलंडर असाच ओरडला असेल," म्हणून त्याने टर्पस्ट्राची नक्कल केली, तोच हेल, तोच सूर. नक्कल त्याला चांगलीच जमायची. त्यांच्या रेल्वेच्या कामावर दोन वर्षं त्यांच्यातच राहिला होता, त्यांच्याच तंबूत जेवला होता, त्यांच्याच भाषेत शिव्या द्यायला शिकला होता. आधी आलिदाला त्याची गंमत वाटायची.

मग कबुली वाचून दाखवली तेव्हा त्याला कोणाचा शब्द ऐकू आला होता? वाटेला बारेंडचा पाट आला. पाणी कोणाच्या तरी पाळीने वाहत होतं.

"लोरेन्स, मला एकदा सांग. मारलंस का रे त्याला?"

"आम्पर, आई."

आलिदाने पाटाकडे पाहिलं.

"कोणाचा आम्पर, बाळा? आपला की त्यांचा?"

लोरेन्सने बैलांकडे बघत चाबूक हवेत फिरवला.

"बैल थकलेत, आई," तो म्हणाला. "अंधार पडायच्या आत घरी पोचू."

तिने पुन्हा विचारलं नाही.