टाकीत न गेलेली काठी

भावेशने मोबाइल राघोच्या डोळ्यांसमोर धरला. अंगणातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य होतं. राघो नव्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत बांबूची काठी घालू पाहत होता.

"हे काय, राघोकाका?"

"माप घेत व्हतो, भावेशभाऊ. पण काठी आत जाईचना."

"पाच महिने तुमच्या हातात गाडी लिटरला नऊ किलोमीटर देतेय. मी तीन दिवस चालवली, तर पंधरा! आपल्या पूर्वीला शाळेतून क्लासवर सोडून लगेच परत यायचो, रस्ते तेच. मधलं पेट्रोल कुठं गेलं? आज काठी, उद्या नळी?"

राघोने झोपाळ्यावर बसलेल्या केसरीनाथ शेटांकडे, भावेशच्या वडिलांकडे, पाहिलं. अठरा वर्षं त्याने शेटांची डिझेलची जीप चालवली होती. पूर्णा गावातली भातखाचरं जाऊन गोदामं उभी राहिली, ती दोघांनी त्या जीपच्या काचेतूनच पाहिली. जीपचा डिझेलचा काटा पहिल्याच वर्षी बंद पडला. तेव्हा शेटांनी स्वतः बांबू तासून दिला आणि राघोने त्यावर कोयत्याने खाचा पाडल्या. एक खाच म्हणजे पाच लिटर. जीप लिटरला दहा जायची. कधी कमी पडलं तर राघो आधी चाकांची हवा बघायचा. त्याची नियत बघायची वेळ शेटांवर कधी आली नव्हती.

आज मात्र शेट पायाच्या अंगठ्याने झोपाळा ढकलत राहिले.

"चावी ठेवा," भावेश म्हणाला.

राघोने ओट्यावर चावी ठेवली.

पायरीवर भावेशची दहा वर्षांची मुलगी पूर्वी गणिताची वही घेऊन बसली होती. गाडीचा हिशेब तिला राघोनेच शिकवला होता. टाकी गळ्यापर्यंत भरायची, किलोमीटर लिहायचे, पुन्हा गळ्यापर्यंत भरायची आणि दुसऱ्यांदा जेवढे लिटर मावले त्यांनी किलोमीटरना भागायचं. भागाकार तिला तिथेच आवडू लागला होता.

ती उठली. "पप्पा, त्या पाच महिन्यांत गाडीच्या स्क्रीनवर काय आकडा होता?"

"तोही नऊच. तेच तर सांगतोय!"

"पण स्क्रीन इंजिनात जळलेलं पेट्रोल मोजते. टाकीतून कुणी काढून घेतलं, तर तिला कळणारच नाही. बिलांवरूनही नऊ, स्क्रीनवरही नऊ. म्हणजे सगळं इंजिनातच गेलं ना?"

भावेशने मोबाइल खाली घेतला. "मग माझ्या हातात पंधरा कशी दिली?"

पूर्वीची मान खाली गेली. "क्लास सुरू व्हायला एक तास असतो. मी गाडीत डबा खाते, अभ्यास करते. इंजिन आपोआप बंद झालं की एसी गरम हवा सोडतो. म्हणून मी ते बंद न होण्याचं बटण दाबते. काका बाहेर सावलीत बसतात. त्यांना माहीत नाही."

"तासभर इंजिन चालू, आणि तुम्हाला ऐकू येत नाही?" भावेश राघोकडे वळला.

"क्लासपाशी, नारपोलीत, चारी बाजूंनी कापडाचे लूम खडखडतात, भाऊ. त्यात या गाडीचा आवाज कुठला ऐकू येतोय? जीप असती तर कळलं असतं, मी चावी फिरवून बंद केली असती. हिचं तुम्हीच सांगितलं व्हतं, उभी राहिली की आपली आपण बंद होते."

ते भावेशनेच सांगितलं होतं. गाडी आली त्या दिवशी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"बरं, झालं ते झालं," भावेश म्हणाला. "चावी घ्या. फक्त रोज संध्याकाळी स्क्रीनचा फोटो मला पाठवत जा."

"घे रं राघो," शेट आत्ता बोलले. "उलगडा झाला नं?"

"झाला, शेट." राघोने चावी उचलली. मग ओट्याशी पडलेली काठी उचलून झोपाळ्याच्या कडीला टेकवली. "ही तुमची. तुम्हीच तासून दिली व्हती."

शेटांचा पाय थांबला. त्यांनी काठीकडे पाहिलं, राघोकडे नाही.

दुसऱ्या दिवशी नारपोलीत राघोने स्वतः इंजिन बंद केलं आणि काचा खाली घेतल्या. लूमचा खडखडाट आत आला. पूर्वीच्या कपाळावरून घाम वहीवर पडत होता. तिने एसीचं नाव काढलं नाही.

"काका, माझ्यावर रागावलात?"

"तुझ्यावर न्हाय." राघोने खिशातून मोबाइल काढला. "तो फोटो कसा पाठवायचा, तेवढं दाखव. हळू दाखव."