रिकाम्या जागचा ब्रेक

या मित्रांनो, बसा असे. दाराजवळ नको, तिथं ग्रीस सांडलंय. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. मारामारी वगैरे काही नाही तिच्यात. एक गाडी आहे, एक नवरा-बायको आहेत आणि एक पाय आहे. पायाकडे तेवढं लक्ष ठेवा.

मी एक जुना ब्रेक आहे. आता अख्खा ब्रेक म्हणणं म्हणजे जरा मोठेपणाच झाला. पायाखाली असतं ना ते पेडल, तेवढाच मी. लोखंडाची एक पट्टी, टोकाला तळहाताएवढा चौकोन, वर रबर. शाळा-बिळा काही नाही आपली. जे शिकलो ते लोकांच्या तळव्यांकडून. मला चेहरे दिसत नाहीत, नुसते पाय दिसतात आणि वरून आवाज ऐकू येतात. त्यात माझं काही अडलं नाही बरं का. चेहऱ्याला खोटं बोलता येतं. पायाला ते अजून जमलेलं नाही.

माझी पहिली नोकरी एका दाईच्या छोट्या गाडीत. कापडी बूट घालायची, मऊ तळाचे. मागच्या सीटवर कायम कुणीतरी अवघडलेली बाई. दाईला घाई असायची, पण मला असं दाबायची की जसं झोपलेल्या लेकराच्या अंगावर पांघरूण टाकतात. म्हणायची, "ब्रेक लागलेला मागच्या बाईला कळला, तर लावणारा कच्चा." काय ते दिवस होते! पुढे दाई म्हातारी झाली, गाडी गंजली, आणि एके दिवशी आम्ही सगळे भंगारात. चाकं एकीकडे, दरवाजे एकीकडे, मी एका डब्यात खिळ्या-मोळ्यांबरोबर.

तिथून मला उचललं पेंटरनं.

पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. हात असा सरळ की पट्टी लावून बघा. त्यानं कुठल्याशा मासिकात जुन्या काळातल्या रेसच्या गाडीचं चित्र पाहिलं होतं. बसकी, लांब नाकाची, दोनच माणसांची. तशीच्या तशी गाडी घरी बनवायची, असं त्याच्या डोक्यात बसलं. घराखालच्या शेडमध्ये पाइप जोडून सांगाडा केला, वर पत्रा ठोकला, दाईच्या गाडीचं इंजिन टाकलं, मला बसवलं. माझ्यामागे दाईच्याच गाडीचे ब्रेक. पुढच्या चाकांत ड्रम, मागच्या चाकांत ड्रम. ड्रम म्हणजे लोखंडाची पातेली म्हणा. मला दाबलं की तेल पळतं, पातेल्याच्या आतून पट्टे घासतात, गाडी थांबते. हळू चालणाऱ्या गाडीला ते पुष्कळ.

पेंटरची बायको कपडे शिवायची. शेडच्या वरच्याच खोलीत तिचं पायानं चालवायचं मशीन. आमच्या डोक्यावर दिवसभर त्याची घरघर. गाडीची दोन्ही गाद्या तिनंच शिवल्या. शिवताना एकदा खाली येऊन बसली, पाय लांब करून बघितले, आणि म्हणाली, "अहो, माझ्या बाजूला पाय टेकायला काहीच नाही."

"तुला कशाला पाहिजे? तू राणीसारखं बसायचं."

"राणीला पाय नसतात का?"

पेंटर हसला. मीही हसलो असतो, पण मला तोंड नाही.

आता ऐका. गाडी पूर्ण झाली. लाल रंग, इतका चकचकीत की शेडमध्ये दिवा लावायची गरजच नाही. गल्लीतली माणसं बघायला यायची. कुणी नाकावर हात फिरवायचं, कुणी चाकांवर. चाकं तर पेंटरचा जीव की प्राण. बारीक तारांची, प्रत्येक तार त्यानं हातानं रंगवलेली. माझ्याकडे कोण बघणार? वाकावं लागतं ना त्यासाठी.

पण माणसाला एकदा वाहवा मिळाली की भूक वाढते. पेंटरनं इंजिन बदललं. दुपटीनं दांडगं आणलं. ते बसवायला त्याचा दोस्त मिस्त्री आला होता. भेगाळलेल्या टाचा, तेलकट चपला, जीभ तिखट.

मिस्त्री म्हणाला, "पेंटर, घोडा आणलास, लगाम शेळीचाच ठेवलास. आधी ब्रेक बदल."

"बघू रे. या महिन्यात नाकावर पांढरा पट्टा मारायचाय."

"पट्ट्यानं गाडी थांबते का?"

"थांबायला कोण गाडी बनवतं का, येड्या?"

दोघं हसले. मी तिथंच होतो, मित्रांनो. त्या दिवशीच मला कळलं होतं की माझ्यावर जेवढं वजन पडणार आहे तेवढं पेलायला माझ्यामागे कुणी नाही. पण पेडलचं कोण ऐकतं!

तरी बायको त्याच्या शेजारी बसायची. सुट्टीच्या दिवशी दोघं निघायचे. गाडीत मधला उंचवटा पेंटरनं पत्रा वाचवायला बुटका ठेवला होता, त्यामुळे मला पलीकडचे तिचे पाय दिसायचे. वरून गप्पा चालायच्या. ती हसायची, पाट्यांवरची अक्षरं वाचायची, कुणाची मात्रा चुकली ते दाखवायची. आणि खाली, वळण आलं की, समोर कुणी आलं की, उतार लागला की, तिचा उजवा पाय पुढे सरकायचा आणि जमिनीवर दाबला जायचा. तिथं काहीच नव्हतं. नुसतं रबरी पायपुसणं अंथरलेलं. तरी ती दाबायची. पेंटरचा पाय माझ्यावर यायच्या आधी तिचा पाय तिकडे पोचलेला असायचा. मशीनवरचा पाय तो. कपड्यावर सुई कुठं थांबवायची ते त्या पायाला बोटाआधी कळायचं.

"अहो, हळू," एवढंच म्हणायची.

"हळूच चाललोय की."

"माझं मशीन तुमच्या गाडीच्या आधी थांबतं, बघा."

"मग मशीनवर बसून ये बाजारात!"

असं चालायचं. मग तो उताराचा दिवस आला.

पाण्याच्या टाकीच्या टेकडीवर गेले होते दोघं. उतरताना पेंटरनं मला अर्ध्या वाटेपर्यंत सारखं दाबूनच धरलं. ड्रम तापले. पातेलं तापलं की पसरतं, पट्टे नुसते चोळत बसतात, पकड उरत नाही. मी खाली खाली जायला लागलो. पेंटरनं पाय जोरात मारला. मी तळाला टेकलो. गाडी चाललीच आहे! समोरून एक माणूस हातगाडी आडवी नेत होता, आणि हातगाडीवर कपाटाएवढा आरसा उभा. पेंटरनं चाक फिरवलं आणि गाडी रस्त्याकडेच्या वाळूच्या ढिगात घुसली. तिथं थांबली.

आरसेवाला ओरडला, "अहो, आरसा आहे तो, बोगदा नाही!"

कुणालाच काही लागलं नाही. पेंटर खोकत खोकत हसायला लागला, भीती गेल्यावर हसतात तसा. ती हसली नाही. पलीकडे तिचा पाय अजून जमिनीवर रोवलेला होता. गाडी थांबली होती तरी तिनं तो उचलला नव्हता. मग ती हळूच म्हणाली, "त्या आरशात आपलीच गाडी आपल्यावर येताना दिसली मला." दार उघडलं, उतरली. "तुम्ही या गाडी घेऊन. मी चालत येते."

मित्रांनो, त्या संध्याकाळी पेंटरनं वर जाऊन दोन शब्द बोलायला हवे होते. "चुकलं माझं" एवढं बस झालं असतं. पण तो बसला गाडीच्या नाकावरचे ओरखडे पुसत. आणि दुसऱ्या दिवशी शेडसमोर माणसं जमली, तेव्हा काय झालं सांगू? गोष्टीला तिखटमीठ लावून सांगायला लागला. गाडीत बसून दाखवायला लागला. "गाडी मी नाही थांबवली, आमच्या हिनं थांबवली! रिकाम्या जागी असा ब्रेक मारला, असा, की वाळू आपोआप पुढे आली!" आणि शेजारच्या जागी पाय आपटून दाखवला. माणसं पोट धरून हसली. कुणीतरी म्हणालं, "वहिनींना लायसन देऊन टाका!"

वरची घरघर थांबली. सगळे हसत होते, म्हणून कुणाला कळलं नाही. मला कळलं. थांबलेलं ओळखणं हेच तर माझं काम.

पुढच्या सुट्टीला तो म्हणाला, "चल, येतेस?"

ती वरूनच म्हणाली, "कपडे पडलेत शिवायचे."

त्याच्या पुढच्या सुट्टीलाही कपडेच पडलेले होते. नंतर नंतर त्यानं विचारणं सोडलं. एकटा जायचा, लवकर परतायचा. मग जाणंही कमी झालं. गाडीवर ताडपत्री आली. माझ्या रबराला भेगा पडल्या. वर मशीन चालू, खाली आम्ही अंधारात. घरात दोघं बोलायचे, भांडण-बिंडण काही नव्हतं. जेवायला हाक, औषधाची आठवण, सगळं होतं. फक्त गाडीचा विषय निघाला की ती सुईत दोरा ओवायला लागायची म्हणे. हे पेंटर मिस्त्रीला सांगायचा, म्हणून मला ठाऊक.

अशी किती वर्षं गेली मोजली नाहीत. दोघांच्या चालीत आता वय ऐकू यायला लागलं होतं.

एकदा धो धो पाऊस झाला, शेडमध्ये पाणी तुंबलं. गाडीत पाणी शिरलं. पेंटरनं ताडपत्री काढली, पायपुसणी वाळवायला उचलली. आधी माझ्या बाजूचं. मग वाकून पलीकडचं. आणि तसाच वाकलेला राहिला.

त्या रबराला भोक पडलेलं होतं. उजव्या पायाच्या चवड्याएवढं, घासून घासून आरपार. आणि त्याच्याखाली पत्र्यावरचा रंग गेलेला. लाल गेलेला, लालखालचा तपकिरी हात गेलेला, उघडं लोखंड चमकत होतं. माझ्या रबरापेक्षा ती जागा जास्त झिजली होती, मित्रांनो. ज्याच्या पाट्या उन्हातान्हात वर्षानुवर्षं टिकतात त्याचा रंग होता तो. कसा उडतो आणि कशानं उडतो, हे त्याला कुणी समजवायला नको. त्या जागेवर त्यानं अंगठा फिरवला. किती वेळ फिरवत होता.

मग मिस्त्रीला बोलावलं. "ब्रेक बदलायचेत."

"आत्ता? गाडी तर उभीच असते."

"बदलायचेत म्हणतो ना."

मिस्त्रीनं कुठल्याशा जड गाडीचे डिस्क ब्रेक शोधून आणले. यात पातेलं नसतं. उघडी थाळी असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा बसतो. वारा लागत राहतो, तापली तरी लवकर निवते. पण बसवताना भानगड निघाली. चिमटा एवढा मोठा की तारांच्या चाकांत मावेना.

मिस्त्री म्हणाला, "ही चाकं ठेवायची असतील तर लहान थाळी बघतो. नाहीतर साधी पत्र्याची मोठी चाकं लागतील. शोभा जाईल बघ."

"जाऊ दे."

"हातानं रंगवलीस रे तू."

"जाऊ दे म्हटलं ना!"

ड्रम उतरवले. माझे जुने सोबती, दाईच्या गाडीपासूनचे. कोपऱ्यात ठेवले त्यांना. बिचाऱ्यांनी जमेल तेवढं केलं होतं. नव्या नळ्या टाकल्या. माझ्या डोक्यापाशी दांडा अडकवायला दुसरं भोक पाडलं, म्हणजे कमी जोरात जास्त दाब पोचावा. रबर नवं घातलं. मिस्त्री जाताना पलीकडची उघडी जागा बघून म्हणाला, "इथं रंगाचे दोन हात मार, बुजेल." पेंटर म्हणाला, "राहू दे."

आता एकच काम उरलं, नळ्यांतली हवा काढायचं. तेलात हवा राहिली तर पेडल पोकळ लागतं. आणि हे काम एकट्याचं नाही. एकानं मला दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली चाकापाशी नळीचं तोंड सैल करून हवा सोडायची. मिस्त्री येतो म्हणाला होता. पेंटर म्हणाला, नको, बघतो मी.

जिन्याखाली उभा राहून त्यानं हाक मारली. "अगं, जरा येतेस? बसायचं नाहीये कुठं. नुसतं दाबायचंय."

घरघर थांबली. जिन्यावर पावलं वाजली.

आणि तिचा पाय माझ्यावर आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, मित्रांनो. आजवर शेजारी रिकाम्या पत्र्यावर पडत आलेला तो पाय. मऊ, एकसारखा, नेमका. मला एकदम दाई आठवली.

"दाब," तो चाकाखालून म्हणाला. "दाब. अजून. आता धर."

"धरलाय."

"पाय खाली जाईल, सोडू नको."

"नाही सोडत. मशीनवर काय झोपा काढते का मी?"

"आता सोड."

चारही चाकं झाली. नळीच्या तोंडाशी लावलेल्या बाटलीतले बुडबुडे संपले. शेवटी मी दगडासारखा कडक झालो. तिनं मला दोनदा दाबून पाहिलं आणि म्हणाली, "लागतोय आता." आवाजात कौतुक होतं, खोटं नाही सांगत.

तो बाहेर आला, हात पुसत. "ती चाकं काढली मी."

"बघितलं."

"त्या दिवशी सगळ्यांसमोर... मी हसायला नको होतं."

 ती उतरली, गाडीला वळसा घालून पलीकडे गेली आणि शेजारच्या गादीवर बसली. आपणहून! माझं लोखंड ताठ झालं. पेंटर आत बसला, गाडी सुरू केली, आणि शेडमध्येच हातभर पुढे घेतली. नुसती हातभर.

तिचा पाय पुढे गेला आणि उघड्या लोखंडावर दाबला गेला.

तिनं बघितलं. त्यानंही बघितलं. त्यानं मला हळूच दाबलं, गाडी जागच्या जागी थांबली, लोण्यात सुरी थांबावी तशी. तिचा पाय मात्र तसाच दाबलेला.

"ब्रेक चांगला आहे हो," ती म्हणाली. "पण या पायाला कोण सांगणार?"

आणि उतरली. रागानं नाही. जाताना गाडीच्या दारावरून हात फिरवला. थोड्या वेळानं वर घरघर सुरू झाली.

पेंटर अजून मला घेऊन जातो कधीकधी. हळू चालवतो, लांबून दाबतो. बघायला दाई हवी होती. शेजारची गादी रिकामी असते. दर वर्षी ब्रेकचं तेल बदलायचं असलं की तो जिन्याखालून हाक मारतो आणि ती येते. दाब, धर, सोड. एवढंच त्या दोघांचं फिरणं. मिस्त्री म्हणतो, तेल दर वर्षी बदलायची गरज नाही. पेंटर म्हणतो, असते.

चला, तुम्हालाही उशीर होत असेल. जाता जाता माझं एक मागणं आहे, मित्रांनो. तुम्ही मोठे व्हाल, गाडी चालवाल, घर चालवाल, शेजारी कुणीतरी बसेल. ते काही बोलणार नाही, वर हसतही असेल. तेव्हा एकदा खाली, त्याच्या पायाकडे बघा. तो रिकाम्या जागी दाबला जात असेल, तर हसू नका. हळू करा.