मी लिहिलेला बाबा

मुखरूभाऊंना बाबा मी केलं. भगवी कफनी माझ्या जुन्या पडद्याची, राख माझ्या चुलीतली, आणि "दवा पाजाल तं देव कोपंल, पाच दिवस लेकरू गावाबाहेर काढू नका" हे वाक्यही माझंच.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात नागपूरहून जीपमधून सिनेमावाले आले होते. भोंदूगिरीची टर उडवणारा माहितीपट त्यांना काढायचा होता. आमचे हे जंगलखात्यात बाबू. गोंडपिपरीपासून चार कोसांवरच्या या गावात कॉलेज शिकलेली मी एकटीच. सिनेमावाले साहेब म्हणाले, "वहिनी, इथल्या बोलीत चार ओळी लिहून द्या." केवढा आनंद झाला मला! शकू झाल्यापासून माहेरच्या पत्रांखेरीज मी काही लिहिलं नव्हतं.

मुखरूभाऊ लाकडाच्या डेपोचे चौकीदार. दाढी छातीपर्यंत, म्हणून त्यांनाच मोहाच्या झाडाखाली बसवलं. डोळे मिटून अंग कसं कापवायचं ते साहेबांनी शिकवलं. गावकऱ्यांना एवढंच सांगितलं, की रांगेनं या आणि पाया पडा. खोटं आहे म्हटलं तर चेहरे बिघडतील, असं साहेबांचं म्हणणं. मलाही ते पटलं.

तीन दिवसांनी जीप गेली. सिनेमा आमच्याकडे कधी आलाच नाही. बाबा मात्र राहिले.

"बाई, मी सगळ्यायले सांगून राह्यलो का हे नाटक होतं," मुखरूभाऊ एकदा कुंपणाशी येऊन म्हणाले. "कोणी आयकतच नाई. म्हणते, सरकारनं जीप धाडून फोटो काढले, तं बाबा खोटा कसा राहीन? तहसीलदाराचे बी कोणी एवढे फोटो नाई काढले."

"आणि घरवाली काय म्हणते?"

"थे बी पाया पडते. पयले सैपाकाचा गंज फेकून मारे. आता मले काऊन वाईट वाटंल?"

मी खूप हसले होते त्या दिवशी.

चैत्रात शकूला हगवण लागली. दहा महिन्यांचं पोर. दुसऱ्या दिवशी सकाळी टाळूवर हात ठेवला तर ती खोल गेलेली. रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं. हे दौऱ्यावर, तिकडे सूरजागडच्या बाजूला. मी दसरूच्या दारात गेले. गावात धड बैल आणि दमणी त्याचीच.

"दसरूभाऊ, गोंडपिपरीला दवाखान्यात जायचंय. आत्ता."

त्यानं बैलांकडे पाहिलं. "बाबाचा बोल हाय, बाई. पाच दिवस लेकरू गावाबाहेर नाई. माहे बैल मरतीन."

सासूबाई मागोमाग आल्याच होत्या. "काऊन वं एवढी घाबरते? बाबानं हे सांगतलं तवा तूच तं बाजूले उभी होती."

"आत्याबाई, ते वाक्य मी लिहिलंय. माझ्या वहीत आहे."

"तुह्या हातानं देवानं लिवलं असंल."

मी शकूला घेऊन मोहाखाली गेले. पंधरा-वीस माणसं बसलेली. शकूला पाहून मुखरूभाऊंचा चेहरा उतरला. तिची जीभ चामड्यासारखी कोरडी झाली होती. मी तिला त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांच्या पायांवर कपाळ टेकलं.

"बाई, उठा जी," ते पुटपुटले.

मी उठले नाही. "महाराज, गोंडपिपरीला जायचंय. हुकूम द्या."

त्यांनी डोळे मिटले. अंग कापायला लागलं. साहेबांनी शिकवलं होतं त्याहून जास्त. मला वाटतं, ते खरंच कापत होते.

"दसरू! बैल जुंप! गोंडपिपरीच्या डाक्टराच्या सुईत म्या राख फुकली हाय. आत्ताच्या आत्ता लेकरू तिथी ने!"

दसरू पळाला. सासूबाई माझ्याआधी दमणीत चढून बसल्या.

डॉक्टरांनी मांडीत सुया घालून सलाईन दिलं. तिसऱ्या दिवशी शकू रडली आणि गालावरून पाणी ओघळलं. ते मी पुसलं नाही, नुसती बघत राहिले.

गावात परतलो तर मोहाखालची रांग दुप्पट झालेली. नदीपलीकडच्या टोल्यावरची, त्या लहान वस्तीतली इतवारी मांडीवर तापानं फणफणलेली पोर घेऊन बसली होती. आम्हाला पाहून शेजारणीला म्हणाली, "हे पाह्य, नागपूरच्या कालिजात शिकलेली बाई. थे बी बाबाच्या पाया पडली. लेकरू पाह्य कसं खेळून राह्यलं!" मग माझ्याकडे वळली. "खरं हाय नं, बाई?"

वही घरातच होती. आणून सगळ्यांपुढं वाचता आली असती. पण त्या पोरीच्या फासळ्या दर श्वासाला आत ओढल्या जात होत्या, आणि दसरू माझ्याच तोंडाकडे पाहत होता.

"खरं आहे," मी म्हणाले. "महाराजांना विचार, डॉक्टरकडं कधी निघायचं."

मुखरूभाऊंनी माझ्याकडे एकदा थकून पाहिलं आणि डोळे मिटले. ते कापायला लागायच्या आधीच दसरू बैल आणायला उठला होता.