एकशे चारच्या खाली

खटकन् आवाज झाला आणि आर्डिथच्या ट्रेलरचा एसी पुन्हा बंद पडला. ॲरिझोनाच्या वाळवंटात जुलैची दुपार म्हणजे भट्टीच, आणि ट्रेलर, म्हणजे त्यांचं चाकांवरचं घर, हा भट्टीत ठेवलेला पत्र्याचा डबा.

आत पलंगावर तिचा नवरा रॉइस पडून होता. मज्जातंतूंच्या आजारानं त्याला पोखरलं होतं आणि उष्णता तर त्याची वैरीण. आधी पाय जायचे, मग जीभ जड व्हायची आणि मग श्वास. पाय सकाळीच गेले होते. आता तो काहीतरी पुटपुटत होता, पण तिला शब्द लागेनात.

"अँब्युलन्स बोलावू?" तिनं विचारलं.

त्यानं मान हलवली. नको. मागच्या वेळी डॉक्टरांनी त्याला कायमचं वृद्धाश्रमात ठेवायचा विषय काढला होता. आता पुन्हा नेलं तर परत सोडणार नाहीत, ही धास्ती दोघांनाही होती.

ती बाहेर आली. कॅम्पात प्रत्येक ट्रेलरसाठी असतो तसा विजेचा खांब त्यांच्याही ट्रेलरशेजारी होता, आणि त्याला रॉइसनं हौसेनं लावलेली पेटी लटकत होती. इथल्या एकशे वीस व्होल्टच्या विजेचा दाब एकशे चारच्या खाली गेला की ही पेटी वीज तोडायची. नाहीतर एसीची मोटर जळते, आणि कधी मोटरीपाठोपाठ ट्रेलरही. पेटीवर लाल आकडे होते, एकशे एक.

पेटी काढून वायर सरळ खांबाला जोडावी, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण चालता येत नसलेल्या माणसाला आत ठेवून आगीशी खेळायचं? तिनं हात मागे घेतला.

कॅम्पच्या ऑफिसचा फोन नुसता वाजत राहिला. वाजणारच. रविवारची दुपार होती आणि मॅनेजरसकट सगळी मंडळी पार टोकाच्या हॉलमध्ये आइस्क्रीम खायला गेली होती. हिवाळ्यापुरते येणारे पाहुणे लोक एप्रिलातच उत्तरेला पळाले होते. उन्हाळ्यात इथं उरायचे ते दुसरं घर नसलेले, किंवा आर्डिथसारखे, ज्यांची ट्रेलर ओढायची गाडी गॅरेजात पार्टची वाट बघत पडलीय असे. रॉइसची चाकांची खुर्ची खडीतून एवढ्या लांब ढकलत न्यायची तर तो वाटेतच गेला असता. त्याला एकटा टाकून धावत जायचा तिला धीर होईना.

तिनं रांगेकडे पाहिलं. पाच ट्रेलर, पाचांचे एसी त्याच एका लाइनवरून वीज ओढत घुंघुं करत होते आणि आत माणूस एक नव्हतं. परत येऊ तेव्हा गारेगार हवं म्हणून एसी चालू ठेवून जायची इथली रीतच. रिकाम्या खुर्च्या थंडगार बसल्या होत्या आणि तिचा नवरा भाजून निघत होता. आर्डिथला संताप आला.

दुसऱ्याच्या खांबाला हात लावायचा नाही, हा कॅम्पातला पहिला नियम. त्याच्यावरून इथं माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलंय. चुलीत गेला नियम, ती म्हणाली, आणि रांगेतून फटाफट पाचही खांबांवरचे खटके पाडत गेली.

परत आली तेव्हा पेटीवर एकशे बारा होते. पेटी वीज सोडायच्या आधी जरा थांबते, आणि तेवढ्या वेळात तिचा जीव नुसता टांगणीला लागला होता. मग खट् झालं आणि छतावरून गार हवा आली. तिचा जीव भांड्यात पडला. ती रॉइसच्या कपाळावर, मानेवर, मनगटांवर ओली फडकी बदलत बसली. बऱ्याच वेळानं त्याच्या ओठांतून स्पष्ट शब्द आले.

"दाब कसा वाढला गं?"

"वाढवला," ती म्हणाली. "रांगेतले सगळे खटके पाडले. ओरडू नकोस."

तो ओरडला नाही.

"डेल्मरचापण?"

"सगळ्यांचे म्हटलं ना."

"अगं," रॉइस म्हणाला, "टेटर आत आहे."

डेल्मर रांगेतला शेवटचा, बायको गेल्यापासून एकटा. टेटर म्हणजे त्याचं म्हातारं कुत्रं, त्याचं सगळं गणगोत. त्याच्या खिडकीत पाटी होती, 'आत कुत्रा आहे, एसी चालू आहे, काळजी नसावी.' रोज बघून बघून ती पाटी तिला दिसेनाशी झाली होती. आणि सकाळीच तिनं त्या कुत्र्याला स्वतःच्या हातानं बेकनचा तुकडा भरवला होता.

ती धावली. या वयात असं धावू नये, पण धावली. डेल्मरचा खटका वर केला. एसी सुरू झाला खरा, पण आधी तो आतली तापलेली हवाच फिरवणार. दार बंद होतं. तिनं पत्र्यावर थापा मारल्या. आतून भुंकणं नाही, नखांचा आवाज नाही.

मग तिला किल्ली आठवली. बाहेरच्या सामानाच्या कप्प्याची किल्ली बहुतेक सगळ्याच ट्रेलरना एकच असते. त्यावरून कॅम्पात थट्टा चालते, तरी जो तो दाराची जादा किल्ली त्याच कप्प्यात टांगून ठेवतो. आपल्या जुडग्यातली छोटी किल्ली तिनं डेल्मरच्या कप्प्याला लावली. कप्पा उघडला. आत खिळ्याला दाराची किल्ली होतीच.

दार उघडताच तोंडावर वाफ आली. टेटर रिकाम्या वाडग्यापाशी आडवा पडला होता, जीभ बाहेर, डोळे अर्धे उघडे. पोट हलतंय की नाही ते तिला कळेना. तिनं त्याला उचललं आणि छातीशी धरून, देवाचं नाव घेत, आपल्या ट्रेलरकडे पळाली.

रॉइसच्या निर्जीव पायांवर तिनं त्याला ठेवलं, वर ओलं फडकं टाकलं. रॉइस कसाबसा हात लांबवून त्याचे पंजे ओले करत राहिला. शेवटी टेटरचं पोट वर झालं, खाली गेलं, पुन्हा वर झालं.

"आर्डिथ, माझं दार सताड उघडं का?"

पायरीवर डेल्मर उभा होता. हातात कागदी वाटी होती, टेटरसाठी आणलेलं व्हॅनिला वितळून मनगटावर ओघळत होतं. मग त्याला पलंगावर कुत्रं दिसलं.

"खटका मी पाडला," आर्डिथ म्हणाली. "रॉइसला श्वास घेता येत नव्हता. टेटर आत आहे हे डोक्यातच आलं नाही."

डेल्मरचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुझ्या नवऱ्यापायी माझं कुत्रं मारायला निघाली होतीस," तो म्हणाला. "एक फोन केला असतास, मी स्वतः बंद केला असता."

ऑफिसला केला तसा त्याला फोन करायचं तिला सुचलंच नव्हतं. भीतीपोटी तिला माणसं दिसलीच नव्हती, नुसते खांब दिसले होते. "चुकलं माझं," ती म्हणाली. डेल्मर वळून निघून गेला. कुत्रं न घेताच.

बाहेर ऊन कलून विजेवरचा ताण जरा उतरला होता, आणि बाकीची मंडळी परतत होती. आज सगळ्यांचेच खटके कसे पडले, अशी कुरकुर तिला ऐकू येत होती. डेल्मरचा खटका तर तिनंच वर केला होता, आता उरलेले चार एकेक करून वर जाऊ लागले. आर्डिथ पेटीसमोर जाऊन उभी राहिली. एकशे दहा. एकशे सात. एकशे पाच. ओरडून सांगावं, तर ज्यांच्या खांबांना चोरून हात लावला त्यांना कोणत्या तोंडानं सांगणार? चौथा खटका वर गेला आणि आकडा एकशे चारवर येऊन लुकलुकू लागला.

तेवढ्यात रांगेच्या शेवटाकडून खट् असा आवाज आला. आकडा एकशे सहावर गेला आणि तिथंच राहिला.

तिनं मान वळवली. डेल्मरनं आपला खटका खाली पाडला होता. तो ट्रेलरच्या सावलीत खुर्ची टाकून, बंद एसीखाली, तिच्याकडे पाठ करून बसला होता. टेटरचं वितळलेलं आइस्क्रीम अजून त्याच्या हातातच होतं.