टोपी न काढणारा बाहुला

टॅम्सिनने बाहुला चढवलेला हात डोक्यावर नेला आणि पडद्याच्या वरच्या काठावर त्याला उभा केला. तो लटलटा कापू लागला, तशी ब्रिस्टलच्या जत्रेतली माणसं हसायला लागली. प्रार्थनेत थरथर कापणारा एक नवा पंथ निघाला होता, त्याच्या लोकांना सारं गाव ‘थरथरे’च म्हणायचं.

“टोपी काढ,” शेजारून तिचा नवरा बार्नबी न्यायाधीशाच्या आवाजात गुरकावला. त्याच्या हातातल्या बाहुल्याने सोटा उगारला.

“आधी तू काढ. उवा तुझ्याच डोक्यात जास्त,” टॅम्सिनचा बाहुला म्हणाला.

“मला अरेतुरे करतोस?”

“देवालाही तूच म्हणतो मी. तू काय त्याच्याहून मोठा लागून गेलास?”

बोलण्याआधी बाहुल्याचा डावा खांदा वर जायचा. ती लकब टॅम्सिनच्या धाकट्या भावाची, गिडियनची. तो त्याच पंथातला. बाहुल्याची टोपीही तिने त्याच्याच जुन्या टोपीच्या काठातून बेतली होती. टोपी काढायची ती प्रार्थनेला, देवापुढे. माणसापुढे नाही, या एका हट्टापायी तो तुरुंगात गेला होता. तो आत असताना हा खेळ रचायला तिला काही वाटलं नव्हतं. लोक हसत होते, चूल पेटत होती.

काल तो सुटला. उद्याच्या जहाजाने आपल्या लोकांबरोबर समुद्रापार जाणार होता, कायमचा. ‘जेवायला ये,’ असा तिने निरोप धाडला. उलट निरोप आला, ‘आधी तुझा खेळ बघतो.’

पडद्याच्या फटीतून तिला तो दिसला. गर्दीच्या मागे उभा, गालफडं बसलेली.

“आज मारू नकोस त्याला,” ती कुजबुजली. “टोपी राहू दे डोक्यावर.”

“खुळी का तू? मार बघायलाच तर येतात लोक.”

हात खाली घेतला असता तर खेळ तिथेच थांबला असता. तिने घेतला नाही. सोटा बसला, टोपी उडून गवतात पडली. गर्दी हसून लोटपोट झाली.

तेव्हा मागे गिडियनने आपली टोपी काढली.

“अरे, तो बघा, खऱ्या थरथऱ्यानेही काढली.”

“तुरुंगाला जमलं नाही ते बाहुल्याने केलं.”

बार्नबीची छाती फुगली. टॅम्सिन मात्र फटीतून बघत राहिली. गिडियनचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते. मग त्याने टोपी नीट डोक्यावर बसवली आणि बंदराच्या वाटेला लागला. टॅम्सिनच्या घराची वाट दुसरीकडे होती.

त्याला हाक मारायची राहिली. पुढे केस पिकले तरी ती हाक तिच्या घशात तशीच होती.

“हात खाली घे आता,” बार्नबी म्हणाला. “खेळ संपला.”

ती तशीच उभी राहिली. हात खाली घेतला असता तर बाहुल्याचं उघडं डोकं तिला जवळून बघावं लागलं असतं.