शेजारच्या सीटवरचा ब्रेक

“सरकार कुणाचंही पडू दे, ढिगारा आपल्याच अंगावर येतो बघ,” गाडी शिकवताना मास्तरीणबाई म्हणाल्या होत्या. मी ते हसण्यावारी नेलं. सरकारविरुद्ध चौकात निघालेल्या मोर्चात बायका सर्वांत पुढे होत्या, आणि मला काळजी होती ती फक्त क्लच सोडताना गाडी बंद पडण्याची.

शिकवणीच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही क्लच नि ब्रेक असतो. त्या सीटवर बसून बाईंनी आमच्या वस्तीतल्या किती बायकांना स्टिअरिंग धरायला शिकवलं! मोर्चावर गोळीबार झाला तेव्हा याच गाडीतून त्यांनी जखमींना दवाखान्यात पोचवलं. त्यांत त्यांचा धाकटा भाऊही होता.

सरकार पडलं. आम्ही रस्त्यावर नाचलो. पाठोपाठ नव्या मंडळींचा हुकूम आला: बाईने गाडी चालवायची, तर शेजारी घरचा पुरुष हवा.

माझं बाळ तापाने फणफणलं, तेव्हा बाईच धावून आल्या. मी बाळाला घेऊन मागे बसले. स्टिअरिंगवर बाई, आणि हुकमापायी शिक्षकाच्या सीटवर त्यांचा तो भाऊ. त्याने जन्मात स्टिअरिंगला हात लावलेला नव्हता.

“पाय आवरून बस रे बाबा. तो ब्रेक शोभेचा नाही.”

“तुझ्याच भल्यासाठी बसलोय, ताई.”

“माझं भलं एकदा मलाही विचारत जा की!”

गल्लीतून ट्रकचं तोंड दिसलं. बाईंनी अंदाज घेतला होता. भावाची मात्र पाचावर धारण बसली. त्याने दोन्ही पायांनी ब्रेक दाबला आणि मागची गाडी आमच्यावर आदळली. बाळ वाचलं, एवढंच.

भाऊ खाली उतरून जमलेल्या लोकांना म्हणाला, “बायकांच्या हाती गाडी दिली की हे असं!”

“पाय कुणाचा होता, ते सांग ना!” बाई ओरडल्या. लोक फिदीफिदी हसले. मी शिपायाला सांगायला गेले, तर तो म्हणाला, “तुमच्या मिस्टरांना पाठवा.”

मिस्टर गेले नाहीत. “पोर लहान आहे, कशाला कुणाच्या डोळ्यांवर यायचं?” म्हणाले. बाईंचं लायसन्स गेलं.

तेव्हापासून त्या दिसलेल्या नाहीत. मी कितीदा तरी जाऊन आले. भाऊ दार किलकिलं करून म्हणतो, “ताई झोपलीय.” सकाळीही झोपलीय, संध्याकाळीही झोपलीय. आता तर मला पाहिलं की दारच उघडत नाही.

तुम्हाला तो ओळखत नाही. पाण्याच्या टाकीमागचं दुमजली घर. एकदा जाऊन या. माणूस गोड बोलेल, बसा म्हणेल, चहा विचारेल. “ताईंच्या हातचाच घेऊ” म्हणा, आणि त्या स्वतः बाहेर येईपर्यंत उठू नका.